एकच बाजू ऐकणाऱ्या हितचिंतकांना खुलं पत्र

प्रिय हितचिंतकहो,

भांडण झालं की पहिला फोन तुम्हाला येतो. तुम्ही मैत्रीण असाल, भाऊ असाल, मावशी असाल नाहीतर ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी, पण रात्री उशिरा "जागी आहेस का?" असा मेसेज आला की पुढचा तासभर आपला नाही, हे तुम्ही ओळखता. तुम्ही ऐकता, चिडता, धीर देता. मी जोडप्यांबरोबर आणि कुटुंबांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे. माझ्यापर्यंत ही माणसं बऱ्याच उशिरा पोचतात आणि येताना तुमची वाक्यं बरोबर घेऊन येतात. "माझी बहीण म्हणते, तू एवढं सहन केलंसच कसं?" "माझा मित्र तर म्हणाला, तुझ्या जागी मी असतो तर कधीच निघून गेलो असतो." तुम्ही खोलीत नसता, पण तुमचा निकाल खोलीत असतो. बहुतेक वेळा त्यांनी दारावरची बेल वाजवण्याच्या आधीच तो लागलेला असतो.

हे पत्र निव्वळ तक्रारीचं नाही. (थोडी तक्रार आहे, ती पुढे येईलच.) थेरपीने नातं सुधारतं म्हणजे नेमकं काय होतं, ते तुम्हाला माहीत असावं असं मला वाटतं. कारण समुपदेशकाकडे जायचं की नाही, गेल्यावर टिकायचं की दोन भेटींत सोडून द्यायचं, हे पुष्कळदा तुमच्या एखाद्या शेऱ्यावर ठरतं.

आधी तुमच्याच जागेबद्दल बोलू. मरे बोवेन नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात रुग्णासोबत त्याचं कुटुंबही रुग्णालयात राहायला आणलं आणि ही माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास केला. पुढे त्याने त्रिकोणाची कल्पना मांडली. दोघांमधला ताण सोसेनासा झाला की त्यांच्यापैकी एक जण तिसऱ्याला आत ओढतो. ताण तिघांत वाटला जातो आणि हलका होतो. यात वावगं काही नाही, माणसं असंच करतात. पण हलकं वाटलं की ज्याच्याशी बोलायचं होतं त्याच्याशी बोलायची निकड उरत नाही. तुमच्याशी तासभर बोलून ती शांत झोपते. पलीकडे तो जागाच असतो. सकाळी दोघंही "काही नाही" म्हणत कामाला लागतात, आणि जे बोलायचं होतं ते तुमच्या फोनमध्ये राहतं.

शिवाय हकिकत सांगता सांगता बदलत जाते. पहिल्यांदा सांगताना "मीही जरा जास्तच बोलले" असं एक वाक्य त्यात असतं. तिसऱ्या खेपेला ते गळून पडलेलं असतं. ज्या ठिकाणी तुम्ही "काय सांगतेस!" म्हणालात, तो भाग मोठा होतो. यात खोटं कुणीच बोलत नाही. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून गोष्ट आपोआप घडत जाते. मग कधीतरी दोघांचा समेट होतो, आणि तो तुमच्यासमोर होत नाही. भांडणाचा साद्यंत वृत्तान्त तुमच्याकडे असतो, माफीचा नसतो. त्यांचं मिटतं, तुमचं मिटत नाही. पुढच्या भेटीत तुम्ही त्याच्याशी तुटक वागता, घरी गेल्यावर तो विचारतो, "काय सांगून ठेवलंयस तिला माझ्याबद्दल?", आणि ये रे माझ्या मागल्या.

आता समुपदेशकाच्या खोलीत काय होतं ते सांगते. अनेकांची समजूत अशी की तिथे एक शहाणं माणूस दोन्ही बाजू ऐकतं आणि कोण चुकलं ते सांगतं. तेवढंच काम असतं तर तुम्ही काय कमी होतात!

पुढचा प्रसंग कुणा एका जोडप्याचा नाही, अनेकांचा मिळून केलेला आहे.

ती म्हणते, "आठवडाभर सांगतेय की आपल्याला बोलायला हवं. मी समोर येऊन बसले की हा लॅपटॉप उघडतो." तो खाली जमिनीकडे बघतो. "बघा. हे असं. घरी पण हेच." तिचा आवाज चढतो. तो खुर्चीत आणखी मागे सरकतो. तुम्ही तिची बहीण असाल तर इथे तुमचं रक्त उसळेल. त्याचे मित्र असाल तर मनात म्हणाल, बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ दे. मी त्यांना तिथेच थांबवते आणि त्याला विचारते, "ती आत्ता 'बघा' म्हणाली, त्या क्षणी तुम्हाला काय झालं?"

"काही नाही."

मी घाई करत नाही. "अंगात कुठे काही जाणवलं?"

"छाती आवळल्यासारखी झाली." मग बराच वेळ कुणी बोलत नाही. "मी काहीही म्हणालो तरी ते चुकणारच आहे. गप्प बसलं की निदान वाढत तरी नाही."

ती मान वळवून त्याच्याकडे बघते. इतकी वर्षं त्याच्या गप्प बसण्याचा तिने एकच अर्थ लावलेला असतो: याला काही फरक पडत नाही. तो भांडण वाढू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलाय, ही शक्यता तिच्या हिशेबात कधी आलेलीच नसते. मग मी तिला तोच प्रश्न विचारते. ती म्हणते, "तो गप्प झाला की मला वाटतं, या घरात मी एकटीच आहे. मग मी आणखी जोरात बोलते. काहीतरी उत्तर येईल, निदान भांडेल तरी." आता वळून बघायची पाळी त्याची.

ती जितकी मागे लागते तितका तो आत जातो, आणि तो जितका आत जातो तितकी ती मागे लागते. अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांच्यासारख्या संशोधकांनी या चक्राचा पुष्कळ अभ्यास केला आहे. यात मागे लागणारी नेहमी बायकोच असते असंही नाही. ज्याला काहीतरी बदलून हवं असतं तो मागे लागतो, ज्याला आहे तेच चालतं तो टाळतो. विषय बदलला की पुष्कळ घरांत जागाही बदलतात. मुद्दा असा की आपापल्या टोकाला उभं राहून दोघांनाही स्वतःचं वागणं निव्वळ प्रतिक्रिया वाटतं आणि समोरच्याचं मूळ कारण. तुम्हाला सांगितली जाते ती यातली एकच अर्धी फेरी. समुपदेशकाचं पहिलं काम ती पूर्ण फेरी दोघांच्याही डोळ्यांसमोर मांडायची. ते घडलं की "तू असाच आहेस" च्या ऐवजी "आपलं पुन्हा तेच सुरू झालं" असं वाक्य तोंडात यायला लागतं. या एका वाक्याला पोचायला काही जोडप्यांना महिने लागतात.

शरीराचंही यात बरंच काम आहे. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, अंगाला तारा लावून, वाद चालू असताना त्यांची नाडी आणि घाम मोजला. बाहेरून दगडासारखा बसलेला माणूस आतून धावत असतो, हे अशा मोजमापांतून दिसलं. गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला नीट ऐकू येत नाही, विनोद कळत नाही, समोरच्याचा चांगला हेतूही दिसत नाही. आणि शरीर निवायला कमीत कमी २० मिनिटं लागतात. म्हणून आम्ही भांडणात मधली सुट्टी घ्यायला शिकवतो. पण एक अट घालतो: सुट्टी मागणाऱ्याने परत कधी येणार ती वेळ सांगायची आणि त्या वेळेला स्वतःहून येऊन बसायचं. ही अट नसली तर सुट्टी म्हणजे तोच जुना पळ. आणि कृपा करून त्या २० मिनिटांत तुम्ही फोनवर उपलब्ध असू नका. "तो मला असं म्हणूच कसं शकतो" हे दुसऱ्याला सांगत राहिलं की नाडी खाली येत नाही.

रागाच्या खालीही काहीतरी असतं. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात भावनांवर केंद्रित अशी उपचारपद्धती मांडली. जॉन्सन यांनी पुढे तिचा पाया जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या विचारात शोधला. लहान मूल आपल्या माणसाच्या आधाराने जगतं, तो आधार डळमळला की आकांत करतं, नाहीतर काही काळाने निमूट होतं, हे बोल्बी यांनी मुलांबद्दल सांगितलं होतं. मोठी माणसंही तेच करतात, फक्त शब्द वापरून. "तुला उशीर होणार होता तर एक फोन करता येत नव्हता का?" यामागे कधीकधी "मी तुझ्या लक्षात असते का?" एवढंच असतं. पण ते असं उघड विचारायला भीती वाटते, कारण उत्तर नाही असं आलं तर? टोमणा मारणं त्यापेक्षा सोपं. उघड विचारता यावं एवढी सुरक्षितता त्या खोलीत तयार करणं हे आमच्या कामातलं सगळ्यात नाजूक काम आहे, आणि खरं सांगायचं तर ते दर वेळी जमतंच असं नाही.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे: एवढं करून उपयोग होतो का?

नील जेकबसन आणि क्रिस्टेन्सन यांनी बऱ्याच काळापासून गंभीर त्रासात असलेली १३४ विवाहित जोडपी घेऊन दोन उपचारपद्धतींची तुलना केली. त्याचे पहिले निष्कर्ष २००४ मध्ये आले, आणि उपचार संपून पाच वर्षं झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही पद्धतींत सुमारे निम्म्या जोडप्यांच्या नात्यात ठळक सुधारणा टिकून होती. साधारण पाव जोडपी वेगळी झाली होती. तुम्हाला हे आकडे कमी वाटतील. मला वाटत नाहीत, कारण ही किरकोळ कुरबुरीची घरं नव्हती. पण "एकदा जाऊन या, सगळं ठीक होईल" असं कुणाला सांगत असाल तर तेही सांगू नका. आणि सुधारणा म्हणजे मतभेद संपणं नव्हे. गॉटमन यांच्या मते जोडप्यांच्या वादांपैकी सुमारे ६९ टक्के विषय कायमचे असतात: एकाला पसारा चालतो, दुसऱ्याला चालत नाही, एकाला माणसं हवीत, दुसऱ्याला एकांत. दहा वर्षांनी विचारा, तेच विषय. सुधारलेल्या नात्यात ते विषय हसत, कुरकुरत, पण एकमेकांना न बोचकारता बोलता येतात.

आता राहिलेली तक्रार. अलीकडे तुमच्या तोंडी काही तयार शिक्के आले आहेत. "तो नार्सिसिस्ट (स्वतःच्याच प्रेमात बुडालेला) आहे." "ती टॉक्सिक आहे, सोड तिला." ज्या माणसाला तुम्ही वर्षातून चारदा भेटता, त्याचं निदान तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या तीन प्रसंगांवर करता. शिक्का बसला की पुढे विचारायला काही उरत नाही. त्याने प्रेमाने विचारलेला प्रश्नही डावपेच वाटायला लागतो. हे फक्त तुम्हीच करता असं नाही. एकट्या माणसाबरोबर काम करणारे काही समुपदेशकही हेच करतात. समोर नसलेल्या जोडीदाराबद्दल दर आठवड्याला एकच बाजू ऐकतात, हळूहळू त्या बाजूचे वकील होतात, आणि त्याचे पैसेही घेतात. तुम्ही निदान फुकट करता.

याचा अर्थ एकट्याने थेरपी घेऊन नातं सुधारत नाही असा नाही. जोडीदार यायला तयार नसेल, किंवा नातं आईशी, भावाशी, वरिष्ठांशी असेल, तर बहुधा एकटंच यावं लागतं. वडिलांचा फोन आला की चाळिशीतला माणूस पहिल्याच वाक्याला खेकसतो. "बरेच दिवसांत फोन नाही तुझा" हे त्याला आरोपासारखं ऐकू येतं, कारण लहानपणी त्या सुरात येणारं प्रत्येक वाक्य आरोपच असायचं. तो ते ओळखायला शिकतो, एक श्वास घेतो, "हो बाबा, राहिलंच, तुम्ही कसे आहात?" म्हणतो. वडील तेच, वाक्य तेच, पण फोन दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं चालतो. दोघांच्या ठरलेल्या पावलांपैकी एकाने आपलं पाऊल बदललं की दुसऱ्याला तसंच नाचता येत नाही.

मात्र सुरुवातीला दुसरा जुनंच वागणं परत यावं म्हणून जोर लावतो, आणि यात तुम्हीही असता. "थेरपीला जायला लागल्यापासून फारच बोलायला लागलीये ती." हे वाक्य मी कितीतरी नातेवाइकांकडून ऐकलंय. आधी ती सगळ्यांचं सगळं करायची, आता कधीकधी नाही म्हणते, एवढंच झालेलं असतं. तुमची गैरसोय झाली म्हणजे थेरपी बिघडली असं नाही. दोन-तीन महिने थांबून बघा.

मग फोन आला तर उचलायचाच नाही का? जरूर उचला. एकटं पडलेल्या माणसाला तुमची गरज आहेच. विल्यम डोहर्टी या कुटुंबोपचारतज्ज्ञाने तर तुमच्यासारख्या जवळच्या ऐकणाऱ्यांसाठी खास प्रशिक्षण तयार केलं, नात्यातले प्रथमोपचार म्हणावेत असं. त्यांचं म्हणणं, पहिली मदत व्यावसायिकाकडून येत नाही, तुमच्याकडून येते. माझ्या अनुभवात दोन प्रश्न फार उपयोगी पडतात. एक, "हे तू त्याला सांगितलंस का, याच शब्दांत?" आणि दुसरा, "त्याला विचारलं तर तो हे कसं सांगेल?" दुसऱ्या प्रश्नावर सुरुवातीला तुमच्यावरच चिडचिड होईल. होऊ दे. ऐकताना तुम्ही तिच्या दुःखाची बाजू घ्या. त्याच्या स्वभावाबद्दल मत देणं राखून ठेवा. "तुला किती त्रास झाला असेल" यात सगळी सहानुभूती येते, त्याला नालायक म्हणावं लागत नाही.

या दुसऱ्या प्रश्नामागे संशोधनही आहे. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात सगळ्यांचंच समाधान थोडं थोडं घसरत गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना एक छोटं लेखन दिलं: अलीकडचं एक भांडण, सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या त्रयस्थ माणसाच्या नजरेतून लिहायचं. सात मिनिटं, वर्षातून तीनदा. ज्यांनी हे केलं त्यांची घसरण थांबली, इतरांची चालू राहिली. त्या संशोधकांनी लोकांना ज्या माणसाची कल्पना करायला लावली, तो माणूस तुम्हाला प्रत्यक्ष होता येतं.

थेरपी सुचवताना मात्र वेळ बघा. भांडण चालू असताना "तुला थेरपीची गरज आहे" हे वाक्य शिवीसारखं लागतं, आणि पुढची दोन वर्षं तो दरवाजा बंद होतो. शांत वेळी, दोघांपैकी ज्याच्याशी तुमचं जास्त जमतं त्याला एकट्याला सांगा. "त्या तासात मुलांना मी बघते" असं काहीतरी जोडा. सल्ल्यापेक्षा ते जास्त कामाला येतं. समुपदेशक निवडताना त्यांना विचारायला सांगा की जोडप्यांबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का. एकट्या माणसाबरोबर उत्तम काम करणारा दोघांना समोर बसवलं की गोंधळतो, असं पुष्कळदा होतं. आणि एकाने मनातून नातं सोडलेलंच असेल तर नेहमीचं जोडप्यांचं समुपदेशन पालथ्या घड्यावर पाणी ठरतं. अशांसाठी डोहर्टी यांनीच एक ते पाच भेटींची वेगळी पद्धत काढली. तिथे नातं सुधारायला घेतच नाहीत. राहायचं, निघायचं की मनापासून एकदा प्रयत्न करून बघायचा, एवढंच स्पष्ट करतात. त्यातून कुणी वेगळं व्हायचं ठरवलं तर थेरपी फसली असं गावभर सांगत फिरू नका. मुलांसमोर एकमेकांचा अपमान न करता वेगळं होणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे.

इथवर मी तुम्हाला बाजू घेऊ नका असं सांगत आले. एका ठिकाणी घ्यायचीच आहे. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, उत्तर देण्याआधी एक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेतो, फोन तपासला जातो, पैसे अडवले जातात, तुमच्याशी बोलायलाही चोरून बोलावं लागतं, तिथे "टाळी एका हाताने वाजत नाही" ही म्हण गुंडाळून ठेवा. अशा घरातल्या दोघांना समुपदेशकासमोर एकत्र बसवणं धोक्याचं असतं. खोलीत खरं बोललं तर त्याची शिक्षा घरी गेल्यावर मिळते, खोटं बोललं तर उपचाराला अर्थ नाही. मी स्वतः पहिल्या भेटीनंतर दोघांना वेगवेगळं भेटते ते मुख्यतः हेच कळावं म्हणून. इथे आधी त्या माणसाची सुरक्षितता, एकट्याला मदत, गरज पडली तर कायद्याची मदत. तुम्ही जे ऐकलंय, पाहिलंय, ते तारखेसकट लिहून ठेवा. तुमचा रात्रीचा तो तास अशा वेळी कुणाचा जीव वाचवू शकतो.

एक शेवटची विनंती. ती दोघं थेरपीला जायला लागली की भेट संपल्या संपल्या तुमचा मेसेज येतो, "काय झालं आज? काय म्हणाली ती?" नका पाठवू. त्या तासात नुकतंच काहीतरी हललेलं असतं आणि त्याला अजून शब्द नसतात. तुम्हाला सांगायचं म्हटलं की त्याची लगेच गोष्ट होते, आणि गोष्टीत कुणीतरी जिंकावं लागतं. फारच राहवलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला.

आपली,
एक समुपदेशक